परदेशातल्या सार्वजनिक सुट्ट्या सांभाळून प्रवास आणि व्यवसायाची आखणी कशी करावी

स्वीडनमध्ये जूनच्या उत्तरार्धात मिडसमरची पूर्वसंध्या येते, दरवर्षी शुक्रवारीच. देशाच्या अधिकृत सुट्ट्यांच्या यादीत हा दिवस सापडत नाही. तरीही त्या दिवशी तिथल्या एखाद्या कंपनीला फोन लावला, तर तो वाजत राहण्याचीच शक्यता जास्त. अमेरिकेत याच्या उलट. ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी कोलंबस डेची केंद्रीय सुट्टी असते, सरकारी कार्यालयं, टपाल आणि बहुतेक बँका बंद असतात, पण न्यूयॉर्कचा शेअर बाजार चालू, दुकानं चालू आणि बऱ्याचशा खाजगी कंपन्याही चालू.

कायद्याने कोणाला सुट्टी आहे एवढंच सरकारी यादी सांगते. प्रत्यक्षात काय बंद राहणार, किती दिवस आधीपासून मंदावणार आणि कधी पूर्ववत होणार, हे आपल्यालाच काढावं लागतं. ते कसं काढायचं, कुठल्या क्रमाने, हे खाली मांडलं आहे. प्रवासी आणि व्यावसायिक दोघांसाठी पहिली पाच पावलं सारखीच आहेत, पुढे वाटा वेगळ्या होतात.

पाऊल १: यादी मिळवा, पण मूळ ठिकाणाहून

इंटरनेटवर ‘अमुक देशाच्या सुट्ट्या’ असं शोधलं की डझनभर पानं निघतात. त्यातली बरीचशी गेल्या वर्षीच्या तारखा पुढे सरकवून बनवलेली असतात. म्हणून त्या देशाच्या सरकारचं किंवा मध्यवर्ती बँकेचं संकेतस्थळ गाठा. धंद्यासाठी मध्यवर्ती बँकेची यादी जास्त कामाची, कारण पैसे अडकतात ते तिच्या तारखांनी.

यादी कधी जाहीर होते हेही बघून ठेवा. ब्रिटनचं सरकार पुढच्या दोनेक वर्षांच्या तारखा आधीच मांडून ठेवतं. चीनमध्ये पुढच्या वर्षाचं सविस्तर वेळापत्रक साधारण आदल्या वर्षाच्या नोव्हेंबरात येतं, तोवर कोणत्या शनिवारी-रविवारी काम आहे हे तिथल्या माणसालाही सांगता येत नाही. शिवाय नियमही बदलतात. चीनने २०२५ पासून वैधानिक सुट्ट्या ११ वरून १३ केल्या. अमेरिकेने जूनटीन्थची, म्हणजे १९ जूनची सुट्टी २०२१ मध्ये आणली. युक्रेनने २०२३ मध्ये नाताळ ७ जानेवारीवरून २५ डिसेंबरला आणला. जुन्या अनुभवावर विसंबणाऱ्याचं घोडं अशा ठिकाणी पेंड खातं.

यादी उतरवून घेताना प्रत्येक तारखेपुढे तीन शेरे मारा: वार कोणता, सुट्टी कुठल्या भागापुरती आणि तारीख पक्की आहे की जाहीर व्हायची आहे. हा शेवटचा शेरा बहुतेक लोक मारत नाहीत, आणि अंदाजी तारखेला पक्की समजून तिकिटं काढतात.

पाऊल २: आधी आठवडा तपासा

सुट्टी नंतर, आधी साप्ताहिक सुट्टी कधी असते ते पाहा. सौदी अरेबियाने २०१३ मध्ये गुरुवार-शुक्रवार सोडून शुक्रवार-शनिवार धरला. संयुक्त अरब अमिरातींच्या संघ सरकारने जानेवारी २०२२ पासून शनिवार-रविवार आणि शुक्रवारी अर्धा दिवस अशी पद्धत आणली, पण त्याच देशातल्या शारजाच्या सरकारी कार्यालयांना शुक्रवार, शनिवार, रविवार अशी तीन दिवस सुट्टी. इस्रायल आणि बांगलादेशात शुक्रवार-शनिवार. ब्रुनेईतल्या सरकारी कार्यालयांना शुक्रवार आणि रविवार सुट्टी, मधला शनिवार कामाचा! मलेशियात तर राज्याराज्यांत फरक आहे: केलांतान, तेरेंगानू, केदाह इथे शुक्रवार-शनिवार, आणि जोहोर राज्य १ जानेवारी २०२५ पासून पुन्हा शनिवार-रविवारवर आलं.

याचा हिशेब कागदावर मांडून बघा. ढाक्यातली कंपनी रविवार ते गुरुवार काम करते, लंडनमधली सोमवार ते शुक्रवार. दोघांचे मिळून कामाचे दिवस चारच. त्यात लंडनला सोमवारी बँक हॉलिडे (ब्रिटनमधली सार्वजनिक सुट्टी) आला तर उरले तीन. आणि गुरुवारी दुपारी लंडनहून गेलेल्या ईमेलला उत्तर येणार ते थेट रविवारी, जे लंडनमध्ये वाचलं जाणार मंगळवारी. एका साध्या प्रश्नोत्तराला पाच दिवस!

पाऊल ३: सुट्टी देशाची, प्रांताची की शहराची?

जर्मनीत देशभर लागू असलेल्या सुट्ट्या फक्त ९ आहेत, बाकी राज्यागणिक. कॉर्पस क्रिस्टी या कॅथलिक सणाच्या गुरुवारी म्युनिक आणि फ्रँकफर्ट बंद, बर्लिन आणि हॅम्बुर्ग चालू. आउग्सबुर्ग या एका शहराला ८ ऑगस्टची स्वतःची वेगळी सुट्टी आहे. स्पेनमध्ये वर्षाला १४ सुट्ट्या, त्यातल्या २ नगरपालिका ठरवते. १५ मेला माद्रिद बंद असतं आणि बार्सिलोना चालू, २४ सप्टेंबरला बार्सिलोना बंद आणि माद्रिद चालू. ब्रिटनमध्ये इंग्लंड-वेल्सला ८, स्कॉटलंडला ९, उत्तर आयर्लंडला १० बँक हॉलिडे. ऑस्ट्रेलियात मेलबर्न शहराला नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारी घोड्यांच्या शर्यतीसाठी सुट्टी असते, सिडनीला नसते.

म्हणून ‘जर्मनीत सुट्टी आहे का?’ हा प्रश्नच अपुरा आहे. तुमचा कारखाना कुठल्या शहरात, गोदाम कुठल्या, बंदर कुठलं आणि बँकेची शाखा कुठली, ही चारही नावं लिहा आणि चौघांच्या याद्या वेगळ्या तपासा. माल बव्हेरियात तयार होतो आणि हॅम्बुर्गहून बोटीवर चढतो तेव्हा वाटेत दोन याद्या लागतात. त्यातच जर्मनीत ७.५ टनांपेक्षा जड ट्रकना रविवारी आणि सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी रात्री १० पर्यंत रस्त्यावर यायला मनाई आहे (काही मालाला सूट मिळते). कारखाना चालू असला तरी ट्रक उभाच.

मग ‘बंद’ म्हणजे काय बंद, हे पाहा. सरकारी कार्यालय, बँक, शेअर बाजार, कारखाना, दुकान, संग्रहालय, बस-रेल्वे, विमानतळ यांतलं प्रत्येक जण आपापल्या नियमाने चालतं. ब्रिटनमध्ये बँक हॉलिडेला पगारी रजा देण्याचं कायदेशीर बंधन मालकावर नाही, तो दिवस वार्षिक रजेत धरता येतो. अमेरिकेत खाजगी कंपनीवर केंद्रीय सुट्टी पाळण्याची सक्ती नाही. जपानमध्ये नववर्षाची राष्ट्रीय सुट्टी १ जानेवारी ही एकच असली तरी बँका ३१ डिसेंबर ते ३ जानेवारी बंद असतात. आणि ऑगस्टच्या मध्यात येणारा ओबोन हा सण जपानच्या राष्ट्रीय सुट्ट्यांत नाही, पण अनेक कंपन्या आठवडाभर बंद असतात आणि गाड्या खच्चून भरतात.

पाऊल ४: शनिवार-रविवारी आलेली सुट्टी कुठे जाते?

याला चार प्रकारची उत्तरं आहेत, आणि ती पाठ असली की पुढच्या कुठल्याही वर्षाचा अंदाज चटकन बांधता येतो.

पहिलं, सुट्टी पुढे सरकते. ब्रिटनमध्ये २०२६ साली २६ डिसेंबर शनिवारी येतो, म्हणून सोमवार २८ डिसेंबरला बदली सुट्टी. शुक्रवारचा नाताळ धरून सलग चार दिवस. २०२७ मध्ये २५ आणि २६ डिसेंबर शनिवार-रविवारी येतात, त्यामुळे सोमवार २७ आणि मंगळवार २८ अशा दोन बदली सुट्ट्या. जपानमध्येही रविवारी आलेली राष्ट्रीय सुट्टी पुढच्या कामाच्या दिवशी मिळते, शनिवारी आलेली मात्र मिळत नाही.

दुसरं, सुट्टी मागे सरकते, आणि तीही सगळ्यांसाठी नाही. २०२६ साली अमेरिकेचा ४ जुलै शनिवारी आहे. केंद्रीय कर्मचाऱ्यांना शुक्रवारी ३ जुलैला सुट्टी, शेअर बाजारही बंद, पण फेडरल रिझर्व्ह बँका त्या शुक्रवारी चालू. समोरचा ‘सुट्टी आहे’ म्हणतो आणि त्याच दिवशी पैसे मात्र वळते होऊ शकतात.

तिसरं, सुट्टी वाया जाते. जर्मनीत ३ ऑक्टोबर २०२६ शनिवारी आहे, त्याची भरपाई नाही. कंपन्यांना काही फरक पडत नाही. प्रवाशाला पडतो, कारण एरवी उघडी असणारी शनिवारची दुकानं बंद, आणि दुसऱ्या दिवशी रविवार म्हणून ती नेहमीप्रमाणे बंदच. खरेदी शुक्रवारी उरकावी लागते. मोठ्या रेल्वे स्थानकांतली दुकानं तेवढी उघडी सापडतात.

चौथं उत्तर चीनचं. तिथे सलग सुट्टी जुळवण्यासाठी कामाचे दिवस उचलून दिले जातात आणि त्याची भरपाई म्हणून लगतचे काही शनिवार-रविवार कामाचे ठरतात. बाहेरच्या माणसाला हे लक्षात येत नाही. रविवारी पुरवठादाराचा संदेश आला तर त्याला तातडी समजू नका, त्याचा तो रीतसर कामाचा दिवस असू शकतो.

याला जोडून येतो तो मधला दिवस. सुट्टी गुरुवारी आली की शुक्रवारची रजा टाकून चार दिवसांची जोडसुट्टी केली जाते. असेन्शन या ख्रिस्ती सणाची सुट्टी कायम गुरुवारीच येते, त्यामुळे फ्रान्स आणि जर्मनीत तो शुक्रवार अर्धाअधिक गेलेलाच समजा. २०२७ मध्ये ती ६ मेला आहे. ७ मेला बैठक ठरवू नका, कोणी नकार देणार नाही आणि कोणी येणारही नाही.

पाऊल ५: सरकणाऱ्या तारखा

इस्लामी कालगणना चांद्र असल्याने रमजान आणि दोन्ही ईद दरवर्षी १० ते ११ दिवस अलीकडे येतात. बहुतेक देशांत ईदची नेमकी तारीख चंद्रदर्शनानंतर, म्हणजे आदल्या संध्याकाळी ठरते. म्हणून अंदाजी तारखेच्या मागचा आणि पुढचा एकेक दिवस मोकळा ठेवा, आणि परतीचं तिकीट बदलता येण्याजोगं घ्या.

पाश्चात्त्य आणि ऑर्थोडॉक्स ईस्टर वेगवेगळ्या हिशेबाने ठरतात. २०२५ मध्ये दोन्ही २० एप्रिलला होते. २०२७ मध्ये पाश्चात्त्य ईस्टर २८ मार्चला आणि ऑर्थोडॉक्स २ मेला, पाच आठवड्यांचं अंतर. जर्मनी आणि ग्रीस दोन्हीकडे काम असेल तर त्या वर्षी ईस्टर दोनदा सोसावा लागणार.

चिनी नववर्ष जानेवारीच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीच्या उत्तरार्धापर्यंत कुठेही येतं: २०२७ मध्ये ६ फेब्रुवारी, २०२८ मध्ये २६ जानेवारी. २०२७ साली रमजानही अंदाजे ८ फेब्रुवारीला सुरू होतो. चीनमधून माल आणून आखाती देशांत विकणाऱ्याला त्या वर्षी पुरवठा आणि ग्राहक दोन्ही बाजूंनी एकदमच वेग कमी झालेला दिसेल. असे योगायोग वर्षाच्या सुरुवातीला शोधून ठेवले की पुढे धावपळ होत नाही.

पाऊल ६: सुट्टीच्या अलीकडचा आणि पलीकडचा उतार मोजा

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ द्यावा असं हे पाऊल आहे, आणि लोक नेमकं हेच गाळतात. मोठी सुट्टी विजेच्या बटणासारखी चालू-बंद होत नाही. आधीचे कित्येक दिवस काम मंदावत जातं आणि नंतरचे कित्येक दिवस ते हळूहळू रुळावर येतं.

२०२७ च्या चिनी नववर्षाचं उदाहरण घेऊ. दक्षिण चीनमधला कारखाना, उत्पादनाला ४५ दिवस. सरकारी सुट्टी फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्याच्या शेवटी सुरू. पण कारखान्यातले कामगार दूरच्या प्रांतांतले, ते गर्दी टाळण्यासाठी आधीच निघतात. त्याहीआधी छोटे पुरवठादार बंद होतात: खोकी बनवणारा, रंगकाम करणारा, मुलामा देणारा. मुख्य कारखाना ‘आम्ही महिनाअखेरपर्यंत चालू आहोत’ असं खरंच सांगत असतो, पण त्याच्याकडे खोकीच आलेली नसतात.

म्हणून उलट मोजत या. माल १५ जानेवारीपर्यंत तयार हवा, म्हणजे तपासणीला आणि बंदरावर पोचवायला आठवडा मिळतो. सुट्टीआधी सगळ्यांनाच माल काढायचा असतो, तेव्हा कंटेनरची जागा तीन-चार आठवडे आधी राखा. १५ जानेवारीला तयार म्हणजे उत्पादन १ डिसेंबरला सुरू. कच्च्या मालाला तीन आठवडे धरले तर ऑर्डर आणि आगाऊ रक्कम १० नोव्हेंबरपर्यंत. नमुना मंजूर व्हायचा असेल तर तो ऑक्टोबरात, आणि १ ऑक्टोबरपासूनचा आठवडा राष्ट्रीय दिनाच्या सुट्टीत जातो. म्हणजे ऑक्टोबरची सुट्टी संपली की फेब्रुवारीच्या सुट्टीचं काम सुरू, मध्ये उसंत नाही.

सुट्टीनंतरचा उतारही तेवढाच लांब. पंधराव्या दिवशी, २० फेब्रुवारीला, कंदिलांचा उत्सव होतो आणि साधारण त्यानंतरच कामगारांची संख्या भरत येते. काही जण परतच येत नाहीत, नवी माणसं घ्यावी लागतात. त्यामुळे मार्चमधला पहिला माल कसोशीने तपासा. सुट्टीआधी घाईघाईत निघालेला शेवटचा माल तर त्याहून कसोशीने. शिपिंग कंपन्या सुट्टीनंतर माल कमी म्हणून काही फेऱ्या रद्द करतात, तेव्हा फेब्रुवारीअखेरीची बोट गृहीत धरू नका.

हाच हिशेब लहान प्रमाणात सगळीकडे लागू आहे. इटलीत ऑगस्टमध्ये सुट्टी १५ तारखेची एकच, पण अनेक कारखाने दोन-तीन आठवडे बंद. कॅनडाच्या क्युबेक प्रांतात जुलैच्या शेवटच्या दोन आठवड्यांत बांधकाम क्षेत्राची सुट्टी. यांतलं काहीही ‘सार्वजनिक सुट्ट्या’ या यादीत दिसत नाही. उतार किती लांब आहे ते विचारूनच कळतं, आणि विचारताना प्रश्न नेमका हवा. ‘तुम्हाला सुट्टी कधी?’ असं विचारलं की सरकारी तारीख मिळते. त्याऐवजी असं लिहा:

“सुट्टीआधी तुमच्याकडून माल बाहेर पडण्याची शेवटची तारीख कोणती? त्या मालासाठी ऑर्डर आणि पैसे कोणत्या तारखेपर्यंत हवेत? तुमचे पुरवठादार कधी बंद होतात? सुट्टीनंतर पूर्ण क्षमतेने काम कधी सुरू होतं? मधल्या काळात अडचण आली तर कोणाशी बोलायचं?”

शेवटच्या प्रश्नाला नाव आणि फोन नंबर मिळाल्याशिवाय तो संवाद पूर्ण झाला असं समजू नका.

पाऊल ७: पैसे आणि कागदपत्रं

बँकांची दिनदर्शिका देशाच्या दिनदर्शिकेपेक्षा निराळी असते. युरोच्या मोठ्या व्यवहारांची टार्गेट ही यंत्रणा शनिवार-रविवारखेरीज वर्षात फक्त सहा दिवस बंद असते: १ जानेवारी, गुड फ्रायडे, ईस्टर सोमवार, १ मे, २५ आणि २६ डिसेंबर. इटलीत गुड फ्रायडेला आणि नेदरलँड्समध्ये १ मेला सार्वजनिक सुट्टी नाही, माणसं कामावर, पण युरोचं पेमेंट अडकलेलं. उलट कॉर्पस क्रिस्टीला फ्रँकफर्टमध्ये सुट्टी असूनही यंत्रणा चालू. युरोपातली तात्काळ पेमेंट सेवा चोवीस तास चालते, मात्र मोठ्या रकमा आणि सीमेपलीकडचे व्यवहार अजून कामाच्या दिवसांवरच अवलंबून आहेत.

परकीय चलनाचा स्पॉट व्यवहार, म्हणजे चालू दराने केलेला सौदा, साधारणपणे दोन कामाच्या दिवसांनी पूर्ण होतो, आणि ते दिवस संबंधित चलनांच्या बँकांचे हवेत. २०२७ मध्ये जपानच्या ३, ४ आणि ५ मेच्या सुट्ट्या सोमवार, मंगळवार, बुधवारी येतात. शुक्रवारी ३० एप्रिलला डॉलर-येनचा सौदा केला तर येन हातात पडणार ७ मेला. ज्याला ५ तारखेला जपानी पुरवठादाराचे पैसे द्यायचे आहेत त्याने सौदा एप्रिलच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच उरकावा, आणि २९ एप्रिललाही जपानमध्ये सुट्टी असते हे धरून.

लेटर ऑफ क्रेडिट (कागदपत्रं सादर केल्यावर पैसे देण्याची बँकेची हमी) असेल तर त्याचे आंतरराष्ट्रीय नियम म्हणजे यूसीपी ६००, त्यातलं कलम २९ वाचून ठेवा. कागदपत्रं सादर करण्याचा शेवटचा दिवस बँकेच्या नेहमीच्या सुट्टीला आला तर मुदत पुढच्या कामाच्या दिवसापर्यंत वाढते. माल चढवण्याची शेवटची तारीख मात्र वाढत नाही. बंदर सुट्टीला बंद होतं ही सबब बँक ऐकून घेणार नाही. कागदपत्रं तपासायला बँकेला जास्तीत जास्त पाच बँकिंग दिवस असतात, त्यामुळे मोठ्या सुट्टीच्या तोंडावर सादर केलेल्या कागदांचे पैसे सुट्टीनंतरच मिळतील असं धरून रोख रकमेची तजवीज करा.

बंदरावर कंटेनर ठेवण्याचे फुकट दिवस सुट्ट्या धरून की वगळून, हे शिपिंग कंपनीच्या अटींत असतं. पूर्ण जहाज भाड्याने घेताना करारात ‘शिंक’ लिहिलं असेल तर रविवार-सुट्ट्या मोजल्या जातात, ‘शेक्स’ लिहिलं असेल तर वगळल्या जातात. त्या एका शब्दावर मोठी रक्कम ठरते.

स्वतःच्या करारात ‘कामाचे दिवस’ असा शब्द नुसता सोडू नका. ‘कामाचा दिवस म्हणजे ओसाका आणि हॅम्बुर्ग या दोन्ही शहरांत बँका चालू असतील तो दिवस’, अशी एक ओळ टाका. पैसे द्यायची तारीख सुट्टीला आली तर आधी द्यायचे की नंतर, हेही लिहा.

सुट्टीत तिथे माणसं कामाला लावणार असाल, प्रदर्शन किंवा उभारणीसाठी म्हणा, तर जादा दर आधी विचारा. फिलिपिन्समध्ये नियमित सुट्टीला काम केल्यास रोजच्या मजुरीच्या २०० टक्के आणि ‘विशेष’ सुट्टीला १३० टक्के द्यावे लागतात. सुट्टीचा प्रकार चुकला की अंदाजपत्रकही चुकलं.

पाऊल ८: प्रवासाची आखणी

आधी व्हिसा. दूतावास साधारणपणे यजमान देशाच्या काही आणि स्वतःच्या देशाच्या काही अशा दोन्हीकडच्या सुट्ट्या पाळतात, म्हणजे बंद दिवस जास्त. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, निर्णयाला सर्वसाधारणपणे १५ दिवस, प्रकरण गुंतागुंतीचं असेल तर ४५ पर्यंत. डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात पासपोर्ट दूतावासात अडकेल असा बेत करू नका.

मग गर्दीची दिशा ओळखा. कौटुंबिक सणांना लोक मोठ्या शहरांतून आपापल्या गावी जातात: चीनमध्ये नववर्षाला, कोरियात चुसोकला, इंडोनेशियात ईदला. सणाच्या आधी शहराबाहेर जाणाऱ्या गाड्या भरलेल्या, सण संपताना परतीच्या. उलट दिशेला जागा मिळते आणि तेव्हा मोठं शहर निवांत असतं, छोटी दुकानं मात्र बंद असतात. निव्वळ मौजेच्या सुट्टीला हेच उलटं होतं. जपानच्या गोल्डन वीकमध्ये (एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीच्या सुट्ट्या) आणि चीनच्या ऑक्टोबरच्या आठवड्यात प्रेक्षणीय स्थळांवर पाय ठेवायला जागा नसते. ज्याला तारखा बदलता येतात त्याने ते आठवडे सरळ सोडून द्यावेत. आठवडाभर पुढे-मागे केलं तरी तोच देश निम्म्या मनस्तापात बघून होतो.

तारखा बदलता येत नसतील तर तिकिटं कधी उघडतात ते नोंदवा. जपानच्या शिंकान्सेन या अतिवेगवान रेल्वेची आरक्षणं प्रवासाच्या बरोबर एक महिना आधी सकाळी १० वाजता सुरू होतात, आणि गर्दीच्या मोसमांत तिच्यातल्या सर्वात जलद नोझोमी गाड्यांमध्ये विनाआरक्षित डबे नसतात. चीनमध्ये रेल्वेची विक्री १५ दिवस आधी उघडते.

काही दिवस असे असतात की त्या दिवशी हालचालच होत नाही. बालीत न्येपीला, म्हणजे तिथल्या हिंदूंच्या नववर्षाच्या मौनदिवशी, विमानतळ २४ तास बंद, रस्त्यावर यायला बंदी, पर्यटकांनीही हॉटेलच्या आवारातच राहायचं. इस्रायलमध्ये योम किप्पूर या ज्यूंच्या उपवासाच्या दिवशी बेन गुरियन विमानतळ आणि सार्वजनिक वाहतूक बंद. ब्रिटनमध्ये २५ डिसेंबरला रेल्वे जवळपास पूर्ण थांबते, लंडनला उतरून पुढे जायचा बेत असेल तर २४ ला पोचा किंवा तिथेच मुक्काम करा. असा दिवस मुद्दाम बघायला जाणं वेगळं. न्येपीची शांतता अनुभवायला लोक खास जातात, आणि मला ते पटतं. फक्त आदल्या दिवशीच पोचलेलं असावं.

सर्वसाधारण नियम एवढा पाळा: मोठ्या सुट्टीच्या दिवशी नव्या देशात उतरू नका. सिम कार्ड, चलन, औषध, भाड्याची गाडी या सगळ्याच गोष्टी पहिल्या दिवशी लागतात आणि त्याच बंद असतात. उतरणं अटळ असेल तर विमानतळावरच हे आटोपा, रोजच्या औषधांचा साठा बरोबर ठेवा आणि हॉटेलला उशिरा पोचणार असल्याचं कळवून ठेवा, कारण लहान हॉटेलं सुट्टीला स्वागतकक्ष लवकर बंद करतात.

पाऊल ९: बैठका आणि माणसं

सुट्टीच्या आदल्या दिवशी बैठक घेऊन निर्णय मिळत नाही, आश्वासन मिळतं. परतल्यानंतरचा पहिला दिवस तुंबलेल्या ईमेलमध्ये जातो. मोठ्या सुट्टीनंतर तिसऱ्या दिवशी फोन केला तर समोरचा खरोखर ऐकतो.

रमजानमध्ये काम बंद नसतं, तास कमी असतात. अमिरातींमध्ये खाजगी क्षेत्रात रोजचे दोन तास कमी, सौदीत मुस्लिम कर्मचाऱ्यांना दिवसाला सहा तास. बैठक सकाळी ठेवा, छोटी ठेवा, आणि त्या महिन्यात नवा प्रकल्प सुरू करण्यापेक्षा चालू काम पुढे न्या. सणाची शुभेच्छा देण्याआधी समोरचा तो सण पाळतो का, हे माहीत असावं.

पाऊल १०: सगळं एका तक्त्यात

एक साधी स्प्रेडशीट पुरते. उभ्या रांगेत वर्षाचे आठवडे, आडव्या रांगेत तुमची ठिकाणं: कारखाना, बंदर, बँक, ग्राहक, आपलं कार्यालय. पूर्ण बंद लाल, उतार पिवळा, अंदाजी तारीख निळी. मग प्रत्येक आठवड्यात सगळ्यांचे मिळून कामाचे दिवस किती उरतात तो आकडा शेवटच्या रकान्यात टाका. जिथे तो तीनच्या खाली येतो त्या आठवड्यात मुदत, पेमेंट किंवा माल सोपवणं ठेवू नका. तक्ता सगळ्या भागीदारांना दिसेल असा ठेवा आणि नोव्हेंबरात, चीनची यादी आली की पुन्हा तपासा.

अचानक जाहीर होणाऱ्या सुट्ट्यांना मात्र कुठलाच तक्ता पुरत नाही. राणी एलिझाबेथ यांच्या अंत्यसंस्कारासाठी १९ सप्टेंबर २०२२ ला ब्रिटनमध्ये बँक हॉलिडे जाहीर झाला तो १० सप्टेंबरला, अवघे नऊ दिवस आधी. दक्षिण कोरियाने २७ जानेवारी २०२५ ही तात्पुरती सुट्टी त्याच महिन्यात ठरवली आणि नववर्षाची सुट्टी लांबवली. निवडणुका, राष्ट्रीय शोक, सुट्टीला जोडून दिलेला वाढीव दिवस ही नेहमीची कारणं. अशी बातमी आली की आधी बँकेला विचारा, त्या दिवसाची पेमेंट कोणत्या तारखेला जातील. मग वाहतूकदाराला, माल उचलणार का आणि बंदराचं फाटक उघडं आहे का. त्यानंतर विमान आणि हॉटेल. समोरच्या कंपनीला सगळ्यात शेवटी, कारण त्यांनाही बहुधा अजून काही कळलेलं नसतं.